हलगी तुम्ही वाजवा, मी ड्रम घेतो

मागच्या दिवाळीत व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकलं होतं, "घरी वाजवायला आणि रेकॉर्ड करायला इलेक्ट्रॉनिक ड्रम किट घेतोय. कुणाला माहिती असेल तर सांगा." बघितलं बऱ्याच जणांनी, उत्तर दिलं तिघांनी. पहिला आमचा ऑर्केस्ट्रावाला. म्हणाला, "किट काय करतो? ऑक्टोपॅड घे. लग्नसराईत पैसे फिटतील." दुसरा एका दुकानातला सेल्समन. त्याने लिहिलं, "सर, ह्यात ३०० प्लस साउंड आहेत." तिसरे पुण्याचे एक दादा. मागे कधीतरी लोकवाद्यांवर शूटिंग करायला आमच्याकडे येऊन गेले होते, चहा-भजी खाऊन गेले होते. त्यांनी लांबलचक लिहिलं. सार एवढंच की, हे प्लास्टिक कशाला घेतोस? तुझ्या घरात हलगी आहे. तुझी मुळं आहेत ती. तीच वाजव.

पहिल्या दोघांचा राग आला नाही. धंद्याची माणसं आहेत, धंद्याचं बोलली. दादांचा मेसेज मात्र आठवडाभर डोक्यात राहिला.

आमचं गाव खर्डा, तालुका जामखेड. नेटवर शोधलंत तर आधी मिरचीचा खर्डा येईल, मग किल्ला आणि ११ मार्च १७९५ ची लढाई. मराठ्यांनी निजामाला हरवलं ती. गावात कुठल्याही कार्यक्रमात पाहुणा बोलायला उभा राहिला की पहिली पाच मिनिटं त्या लढाईत जातात. त्या लढाईत वाद्यं कुणी वाजवली, हे मात्र मी आजवर एकाही भाषणात ऐकलं नाही.

आमच्याकडे हलगी होती, आहे. आजा वाजवायचा. चुलता अजून वाजवतो, हलगी-घुमकं-कैताळ असा त्यांचा संच आहे. वडिलांनी मात्र हलगी खुंटीला टांगली आणि परत काढली नाही. आजाच्या काळात वाजवणं ही गावकी होती. जत्रा असो, पोळा असो, कुणाचं लग्न असो की कुणाची माती असो, निरोप आला की जायचं. मोबदला म्हणजे सुगीला मिळेल ते धान्य आणि कार्यातलं उरलेलं अन्न. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. निरोप येणं त्यानंतरही बरीच वर्षं थांबलं नाही. बाबासाहेबांनी गावकीची कामं सोडा म्हणून सांगितलं होतं. ते महारवाड्याने आधी ऐकलं, आमच्या मांगवाड्यात उशिरा पोचलं, पण वडिलांपर्यंत पोचलं. ते मोंढ्यात हमाली करायला लागले. त्यांच्या मते पाठीवरचं पोतं बरं, कारण त्याचा भाव ठरलेला असतो.

तर दादा, ही माझी मुळं. तुम्हाला ती फोटोत छान दिसली, कारण तुमच्या फोटोत निरोप घेऊन येणारा माणूस नाही.

मला विचारायचंय की, त्यांची मुलगी गिटार शिकते, तिला कुणी मुळांचं विचारलं का? तिची मुळं स्पेनमध्ये आहेत का? तिने गिटार घेतली की ती आवड, मी ड्रम घेतला की ते तुटलेपण. शहरातल्या मुलाला सगळ्या जगाचं संगीत उघडं, आणि आम्हाला मात्र आमच्या आज्याने जे नाइलाजाने वाजवलं तेच जन्मभर वाजवायचं, तेही अभिमानाने. गावकी ह्याहून वेगळी काय होती?

आता कुणी म्हणेल, तमिळनाडूत बघा. तिथे परै नावाचं असंच वाद्य आहे, त्याच्या नावावरूनच एका जातीचं नाव पडलं, आणि त्या नावावरून इंग्रजीत बहिष्कृत माणसाला शब्द मिळाला. तिथल्या दलित कलावंतांनी ते वाद्य परत हातात घेतलं आणि चळवळीचं केलं. खरं आहे, मला त्याचा आदर आहे. पण तिथेही काहींनी परै सोडला आणि काहींनी धरला, आणि दोन्ही निर्णय त्यांचे त्यांनी घेतले. 'फँड्री'त जब्या झालेला सोमनाथ अवघडे हा मूळचा हलगी वाजवणारा मुलगा. तो पडद्यावर आला ह्याचा आमच्या अख्ख्या वस्तीला आनंद झाला. त्यावरून आम्ही सगळ्यांनी हलगीच वाजवावी असा निष्कर्ष कुणी काढू नये.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे माझा राग कुठून येतो ते कळेल. जवळच्याच एका गावात हळदीचा कार्यक्रम होता. आमच्या ऑर्केस्ट्रात त्या दिवशी पॅडवाला आला नव्हता, त्याच्या जागी मी बसलो. नवरदेवाच्या स्वागताला चुलत्याचा संच बोलावलेला होता. दोघांनी एकाच मांडवात, तासाभराच्या अंतराने, जवळपास एकच ठेका वाजवला. मी तो त्यांच्याकडूनच शिकलोय. मला यजमानांनी "ड्रमर सर" म्हणून खुर्ची दिली, पाण्याची बाटली दिली. चुलत्याला "ए हलगीवाले, सरका तिकडं" म्हणाले. मग कुणीतरी मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यानंतर मला कुणी सर म्हटलं नाही, खुर्ची तेवढी राहिली.

म्हणजे पॅडला जात नसते असं म्हणणारेही चुकतातच. पॅडमध्ये कातडं नसतं एवढंच खरं. मी मोबाइल रिपेअरिंगचं काम करतो, त्यामुळे पॅड उघडून बघायची खोड आहे. आत पिझो असतो, पितळी रंगाची पातळ चकती, सुट्या भागांच्या दुकानात चहाच्या किमतीत मिळते. वर फोमचा छोटा शंकू. तुम्ही मारलं की चकतीतून विजेचा बारीक झटका येतो, मॉड्यूल तो मोजतो आणि साठवलेला आवाज सोडतो. वर जाळी असते, मेश म्हणतात. रोलँडने १९९७ साली रेमो कंपनीबरोबर ती ड्रमवर आणली. त्याआधी पॅड म्हणजे टणक रबर किंवा त्याहून टणक प्लास्टिक, मनगटं भरून यायची. जाळीला गाय नाही, बोकड नाही, कमावणारा नाही, शिवणारा नाही. मला हे आवडतं हे मी लपवत नाही.

आणि मला आवडते ती त्याची शांतता. हेडफोन लावून वाजवता येतं, हा गुण फ्लॅटवाल्यांसाठी सांगितला जातो, शेजाऱ्यांचा त्रास वाचतो म्हणून. आमच्याकडे त्याचा अर्थ निराळा आहे. २८ एप्रिल २०१४ ला ह्याच गावात सतरा वर्षांच्या एका दलित मुलाचा खून झाला. मी तेव्हा सातवीत होतो. त्या उन्हाळ्यात चुलत्याने एकही सुपारी घेतली नाही. २०१७ साली सगळे आरोपी निर्दोष सुटले, बरेच साक्षीदार फिरले होते. ज्या गावात कधी आवाज करायचा आणि कधी नाही हे दुसरेच ठरवत आले, तिथे रात्री अकरा वाजता दार लावून, कुणाच्या वरातीसाठी नाही, कुणाच्या देवासाठी नाही, नुसतं स्वतःसाठी तास-दीड तास वाजवणं ही काय चीज आहे, हे मी दादांना कसं समजावू? आमच्या घराण्यात असं वाजवणारा मी पहिला.

म्हणून किट घ्यायचा. आता कुठला, ह्यावर बोलू, कारण इथेही फसवणूक चालते आणि ती फोनवर रिव्ह्यू बघणाऱ्या आपल्यासारख्यांचीच होते.

पहिली फसवणूक आवाजांच्या आकड्याची. मी शेवटी सेकंडहँड अलेसिस नायट्रो मेश घेतला. त्यात ३८५ आवाज आहेत. वर्षभरात मी वापरले असतील वीसेक. बाकीचे कुणाचे तरी स्टुडिओ आहेत. रॉक, जॅझ, फंक, त्यांच्या खोल्यांतले घुमारे. काही यंत्रांत 'इंडियन' म्हणून एक कप्पा सापडतो, त्यात तबला, ढोलक. हलगी मला ज्या किटांत मिळाली नाही त्यांत संबळही मिळाला नाही, दिमडीही नाही. जे आवाज असतात त्यांच्याखाली वाजवणाऱ्याचं नाव नसतं. कुणीतरी माणूस एका खोलीत बसून एकेक थाप वाजवून गेला असेल, त्याला त्या दिवसाची मजुरी मिळाली असेल. आता त्याचा हात लाखो घरांत आहे आणि तो कोण हे कुणाला ठाऊक नाही. अनामिक वाजवणारा आम्हाला चांगलाच ओळखीचा आहे.

त्यामुळे दुकानात 'किती आवाज' हे विचारू नका. विचारा, माझा आवाज ह्यात घालता येतो का? ह्या एका प्रश्नावर बरेच सेल्समन गप्प होतात. नायट्रोच्या मॉड्यूलमध्ये घालता येत नाही. रोलँडच्या टीडी-१७ मध्ये एसडी कार्डातून घालता येतो, पण तो किट लाखाच्या वर जातो. रोलँडच्या एसपीडी-एसएक्सवर, म्हणजे नऊ पॅडच्या सॅम्पलिंग पॅडवर, येतो. अलेसिसच्या सॅम्पलपॅड प्रोवर कार्डातून येतो, पण ते आठ पॅडचं टेबलावरचं यंत्र आहे, पायांनी वाजवण्याचा खरा सराव त्यावर होत नाही.

मग गरिबाने काय करायचं? जुना लॅपटॉप शोधायचा. स्वस्तातल्या किटलाही मागे यूएसबी असतो आणि त्यातून मिडी बाहेर येतो. मिडी म्हणजे आवाज नव्हे, नुसता हिशेब. कुठला पॅड, कधी, किती जोरात. जोर १ ते १२७ मध्ये मोजतात. बेसचा नंबर बहुधा ३६, स्नेअरचा ३८, बंद हायहॅटचा ४२. हा हिशेब लॅपटॉपमध्ये गेला की त्यावर आवाज तुम्ही लावायचा. मी रीपर वापरतो, साठ दिवस फुकट बघता येतं, पुढे साठ डॉलर. त्यातच एक साधा सॅम्पलर येतो. अडतीस नंबरवर अमेरिकेतली स्नेअर ठेवा नाहीतर चुलत्याची हलगी, त्याला फरक पडत नाही. शिवाय रात्री वाजवलेलं सकाळी दुरुस्त करता येतं, चुकलेली थाप हलवता येते. दोन्ही हातांनी केलेल्या चुका बघून आपण काय वाजवतो ते कळतं, आणि ते फार सुखाचं नसतं.

फोनवर करू बघाल तर जरा जपून. ओटीजी केबलने मिडी जातो, पण अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनांत आवाज मागाहून येतो. ब्लूटूथ हेडफोन लावून तर वाजवूच नका. काठी लागल्यावर एक दशांश सेकंदाने किंवा त्याहून उशिरा ऐकू येतं आणि दहा मिनिटांत आपला ठेका आपल्याच कानांच्या मागे धावायला लागतो. किटमध्ये ब्लूटूथ आहे असं जे लिहितात ते फोनमधलं गाणं किटमध्ये आणून त्याबरोबर वाजवायला, त्याला ते चांगलं आहे. कानात वायरचाच हेडफोन घाला.

दुसरी फसवणूक 'सायलेंट' ह्या शब्दाची. जाळी खरंच शांत आहे. पण बेसचं पेडल शांत नाही. पाय आपटला की दणका स्टँडमधून फरशीत, फरशीतून स्लॅबमध्ये, स्लॅबमधून खाली. आमची आई खालच्या खोलीत झोपते. पहिल्याच रात्री वर आली आणि म्हणाली, "आरं, कोण कांडतंय एवढ्या रातीचं?" दोन प्लायवूडच्या मध्ये टेनिसचे चेंडू भोकांत बसवून त्यावर किट ठेवायची एक जुनी युक्ती आहे. जामखेडातून चेंडू आणले, सुताराकडून भोकं पाडून घेतली. नव्वद टक्के काम झालं. बाकीचे दहा टक्के आई सोसते. वर पत्रा असेल तर आणखी एक अडचण, एप्रिल-मेमध्ये दुपारी मॉड्यूल हाताला चटका देतं, तेव्हा दुपारचं वाजवायचं नाही. वीज जाते त्याची फार काळजी करू नका, मॉड्यूलला फार थोडी वीज लागते, घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतं.

नवा घ्यायचा की जुना, हे तुमच्या खिशावर. जुना घेताना दोन गोष्टी बघा, हायहॅटचं पेडल हळूहळू दाबलं तर आवाज हळूहळू बंद होतो की एकदम, आणि प्रत्येक पॅडवर हलकी थाप उमटते की नाही. जोराची सगळीकडेच उमटते, विकणारा जोरातच वाजवून दाखवतो. रबरी पॅडचा किट स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका असंही मी म्हणणार नाही, यामाहाचे रबरी पॅड वर्षानुवर्षं टिकतात. पण मनगट तुमचं आहे.

ऑर्केस्ट्रावाल्याला उत्तर द्यायचं राहिलं. जामखेड तालुका कलाकेंद्रांसाठी ओळखला जातो, आणि वरात, हळदी, जयंती, सगळीकडे पॅडवाल्याला मागणी आहे. पॅड घेतलं असतं तर एका सीझनमध्ये पैसे फिटले असते, हे त्याचं खरं आहे. रोलँडने १९८५ साली पहिला ऑक्टोपॅड काढला तेव्हा त्यांच्या डोक्यात आपली वरात नसणार, पण आपल्या लोकांनी त्याचा संसार केला. मी त्या धंद्याला नावं ठेवत नाही, अधूनमधून बसतोही. मात्र घरात मला सुपारीचं वाद्य नको होतं. घरात येणारं वाद्य सुपारीचं असलं की काय होतं, ते मी तीन पिढ्या ऐकलंय.

एक उदाहरण दादांसाठी राखून ठेवलं होतं. रोलँडची टीआर-८०८ नावाची पेटी १९८० साली आली. तिचा आवाज खऱ्या ड्रमसारखा नाही म्हणून लोकांनी तिला नाकारलं आणि १९८३ मध्ये कंपनीने ती बंद केली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या काळ्या पोरांनी तिला जवळ केलं. १९८२ साली 'प्लॅनेट रॉक' त्याच पेटीवर वाजलं, आणि आज जगात जो हिपहॉप ऐकतो तो त्या पेटीचा धडाका ऐकतो. त्या पोरांना कुणी म्हणालं असतं की, हे प्लास्टिक ठेवा, तुमची मुळं आफ्रिकेत आहेत, जेंबे वाजवा, तर? जेंबे चांगलाच आहे. पण ज्याच्या हातात जे आलं त्यातून त्याने काय काढावं, हे पाहुण्याने सांगायचं नसतं.

ह्यावर कुणी मला विचारेल, मग तू हलगीचे आवाज लॅपटॉपमध्ये कशाला घालतोस? शेवटी मुळांकडेच गेलास ना? गेलो असेन. पण माझ्या पायांनी गेलो, माझ्या वेळेला, आणि भाव ठरवून.

भाव चुलत्यानेच ठरवला. मी म्हणालो, "तात्या, एकेक थाप रेकॉर्ड करायची आहे, तासाभराचं काम." ते म्हणाले, "सुपारीचं किती देतोस?" मला वाटलं चेष्टा करतायत. नव्हते करत. पुतण्या असलास म्हणून काय झालं, म्हणाले, हात माझाच वापरणार ना? पंधराशे ठरले, पाचशे आधी. वर एक अट घातली की, जिथं कुठं हे वाजेल तिथं नाव लिहायचं, पूर्ण नाव, आडनावासकट. वडील बाजूला बसून ऐकत होते. काही बोलले नाहीत, पण शेकायला गोवऱ्या त्यांनीच पेटवून दिल्या.

पावसाळी हवा होती. हलगी पुन्हा पुन्हा सैल पडत होती, दर पाच मिनिटांनी शेकावी लागत होती. जाड टिपरूच्या मधल्या थापा चांगल्या आल्या. कडेवर बारीक काडीची जी कडक थाप बसते ती मात्र बिघडली, त्यात जीवच नव्हता. शिवाय दोन काड्यांचा एकमेकींशी जो खेळ चालतो तो पॅडवर कसा आणायचा, हे मला अजून जमलेलं नाही. स्वस्तातल्या किटमध्ये दोन झोन बहुतेकदा स्नेअरलाच असतात, मधला आणि कडेचा. त्यामुळे सध्या सगळी हलगी एकट्या स्नेअरवर बसवलीय आणि टॉमवर घुमकं. रात्री वाजवतो तेव्हा अर्धं तात्यांसारखं येतं, अर्धं कुठल्याच माणसासारखं येत नाही.

फाइलींना मी तात्यांचं पूर्ण नाव दिलंय. त्यांना फोनवर ऐकवल्या. सगळ्या ऐकल्या आणि म्हणाले, "काडीची थाप पुन्हा घे. चैतात ये, ऊन कडक असतं तवा. आणि तवाचं निराळं धर, हे ह्या पंधराशात बसत न्हाई."